विंडोज १० बंद पडलं, लॅपटॉप धडधाकट आहे, आता त्यावर कुठलं लिनक्स टाकायचं?

गेल्या दिवाळीपासून पाहुण्यारावळ्यांचे फोन येतात ते एकाच कारणानं. लॅपटॉप चालू केला की पाटी येते, सपोर्ट संपला, नवीन मशीन घ्या. तासगावच्या मामांनी तर सरळ विचारलं, "आरं, चांगला चालतोय की, मग ह्यो टाकून कशापायी द्यायचा?" मी म्हटलं, "मामा, टाकू नका, रविवारी येताना घेऊन या." तो लॅपटॉप अजून त्यांच्या सोप्यात चालू आहे, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम आहे आणि मामा त्यावर हवामान, बेदाण्याचे सौदे आणि रात्री यूट्यूबवर कीर्तनं बघतात.

मी काही कंप्युटर इंजिनियर नाही. सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो, आणि कॉलेजात असताना लागलेला नाद म्हणून घरच्या, शेजारच्या, पाहुण्यांच्या मशीनवर लिनक्स टाकून देतो. आत्तापर्यंत पंधरावीस तरी झाली असतील. त्यात जे चुकलं आणि जे जमलं ते सगळं इथं लिहितोय, नवीन माणसासाठी, ज्याला टर्मिनल म्हणजे काय ते पण माहिती नाही आणि माहिती करून घ्यायची घाई पण नाही.

मुद्दा काय झालाय तो आधी दोन ओळीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, त्यामुळं २०१७ च्या आधीची बहुतेक सगळी मशीनं रांगेतनं बाहेर पडली. घरगुती वापरासाठी एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट दिलेत पण ते पण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मशीन काही बंद पडत नाही, चालतंच, पण त्यावरनं नेटबँकिंग करायचं म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यासारखं आहे.

आधी वही काढा

लोक काय करतात, पहिल्यांदा यूट्यूबवर जाऊन टॉप टेन लिनक्स बघतात, मग अकरावं कुठलंतरी आवडतं, मग वॉलपेपर बघून ठरवतात, आणि दोन महिने ठरवण्यातच जातात. हे नको. एक जुनी वही घ्या आणि आठ दिवस घरातलं कोण त्या मशीनवर काय करतंय ते लिहून काढा. मनानं अंदाजपंचे लिहायचं नाही, खरंच जे केलं तेच लिहायचं. मामांच्या घरची वही अशी होती: व्हॉट्सअ‍ॅप वेब, हवामान, सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, लाईट बिल, नातवाचे फोटो, आणि वहिनी शाळेत शिक्षिका आहेत त्यांच्या मराठी प्रश्नपत्रिका. बघा, यातलं प्रश्नपत्रिका सोडून सगळं ब्राउझरमध्ये होतं. ब्राउझरमध्ये होणारं काम कुठल्याही लिनक्सवर होतं, क्रोम पण मिळतं, फायरफॉक्स तर बहुतेक सगळीकडं आधीच असतं. फोटो आणि व्हिडिओची पण काळजी नको, व्हीएलसी नावाचा प्लेअर आहे.

आता वहीत खालच्यापैकी काही निघालं तर मात्र थांबा, डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, निवडायच्या आधी थांबा. टॅली असेल तर ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, आमच्या पेढीवरचं मशीन म्हणूनच मी विंडोजवर ठेवलंय आणि लिनक्सचा एवढा नाद असून पण त्याला हात लावत नाही. जीएसटीचं ऑफलाइन टूल, इन्कम टॅक्सची डाउनलोड करायची युटिलिटी, डिजिटल सहीचा डीएससी टोकन, ह्या सगळ्याला विंडोज धरून चाला. ई-सेवा केंद्र चालवणारे कोण वाचत असतील तर त्यांनी आधारचं अंगठ्याचं मशीन लिनक्सवर चालवायच्या फंदात पडू नये. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकावाल्यांचं कोरल ड्रॉ, फोटोशॉप हे पण तसंच. घरातलं पोरगं मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसलं असेल तर क्लासमध्ये जे सॉफ्टवेअर वापरतात तेच त्याला घरी पाहिजे असणार, आणि एमएस-सीआयटीला तर विंडोज आणि एमएस ऑफिसच शिकवतात. गेमवाल्यांनी एक लक्षात ठेवा, स्टीमवरचे भरपूर गेम प्रोटॉन नावाच्या सोयीनं लिनक्सवर पळतात पण व्हॅलोरंट पळत नाही, त्याचं अँटीचीट लिनक्सवर चालतच नाही, त्यावर काही जुगाड शोधत बसू नका.

वाइन नावाची सोय आहे जिच्यावर विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात. चालतात म्हणजे कधी चालतात, कधी अर्धी चालतात. मार्च एंडला पेढीचा हिशेब अर्धा चालणाऱ्या गोष्टीवर ठेवू नये एवढंच माझं म्हणणं. अशा वेळी दोन उपाय, एकतर दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर ठेवा, किंवा धंद्याचं मशीन वेगळं आणि घरचं वेगळं.

मशीनची कुंडली

विंडोजमध्येच असताना सेटिंगमध्ये जाऊन अबाउट उघडा. तीन गोष्टी वहीत लिहा: प्रोसेसर कुठला, रॅम किती, आणि डिस्क फिरणारी आहे का एसएसडी (ही अबाउटमध्ये नाही, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये दिसते). मामांचा होता पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी डिस्क. असली मशीनं आपल्याकडं घरटी एक आहेत, इंजिनियरिंगला गेलेल्या पोराला घेतलेली, पोरगं पुण्याला नोकरीला लागलं आणि लॅपटॉप गावाकडं राहिला.

इथं एक स्पष्ट सांगतो. चार जीबी रॅमवर मिंट चालतं, उबंटू पण उघडतं, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की कुठलंही लिनक्स गुडघे टेकणार, कारण रॅम खातो तो ब्राउझर, सिस्टीम नाही. म्हणून डिस्ट्रो बदलत बसण्यापेक्षा जमत असेल तर ८ जीबी रॅम आणि साधी २५६ जीबीची साटा एसएसडी टाकून घ्या, दुकानात अर्ध्या तासाचं काम आहे. फिरणाऱ्या डिस्कवरनं एसएसडीवर आलं की लॅपटॉप चालू होईपर्यंत चहा टाकून यायचा प्रकार संपतो. मामांच्यात मी फक्त एसएसडी टाकली, रॅम नंतर बघू म्हटलं, ते नंतर अजून आलेलं नाही आणि काही अडलेलं पण नाही.

अगदी म्हातारं मशीन असेल, कोअर टू ड्युओच्या पण आधीचं, तर ते ३२ बिटचं आहे का बघा. ३२ बिटला मोठ्या डिस्ट्रोंनी सोडून दिलंय, डेबियन १३ मध्ये तर त्याचा इन्स्टॉलर पण नाही. असल्यावर अँटीएक्स किंवा डेबियन १२ टाकता येतं, पण त्यावर यूट्यूब नीट चालेल ही आशा धरू नका. गाणी ऐकायला आणि पत्र टाइप करायला ठीक.

भडंगाची गोष्ट, म्हणजे डिस्ट्रो कशाला म्हणतात

सांगलीत भडंग कुणाला समजवायला लागत नाही. चुरमुरे तेच, शेंगदाणे तेच, पण प्रत्येक दुकानाचा मसाला वेगळा, कुणी लसूण ढकलतो, कुणी तिखट. लिनक्स म्हणजे ते चुरमुरे. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या कॉलेजातल्या पोरानं १९९१ मध्ये लिनक्सचं कर्नल लिहिलं, म्हणजे मशीनच्या प्रोसेसरशी, डिस्कशी, वायफायशी बोलणारा आतला भाग. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये पण तेच कर्नल आहे, म्हणजे लिनक्स तुम्ही आधीपासनं खिशात घेऊन फिरताय. त्या कर्नलवर स्क्रीन कशी दिसणार, फाइल कशी उघडणार, सॉफ्टवेअर कुठनं येणार, अपडेट कोण देणार, हा सगळा मसाला घालून जो पुडा तयार होतो त्याला म्हणायचं डिस्ट्रिब्युशन, आपण डिस्ट्रो म्हणू.

आणि स्क्रीन कशी दिसणार ह्याला म्हणतात डेस्कटॉप. हे वेगळं कळून घ्या, कारण नवीन माणसाला जे आवडतं नावडतं ते बहुतेक डेस्कटॉपच असतं. सिनॅमन विंडोजसारखा दिसतो, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. एक्सएफसीई पण तसाच, जरा साधा आणि हलका. ग्नोम वेगळ्या वळणाचा आहे, फोनसारखा, सवय व्हायला आठ दिवस लागतात. केडीई प्लाझ्मामध्ये एवढी बटणं आहेत की हौशी माणसाची संध्याकाळ त्यातच जाते.

मग घ्यायचं कुठलं

वहीत अडचणीचं काही निघालं नाही, मशीन २०१० नंतरचं आहे, आणि तुम्ही पहिल्यांदाच येताय, तर लिनक्स मिंट सिनॅमन घ्या. झालं. पुढचं नाही वाचलं तरी चालतंय.

का, ते सांगतो. मिंट हे उबंटूवर उभं आहे आणि उबंटू डेबियनवर, म्हणजे आजोबा, बाप, नातू. डेबियन १९९३ पासनं आहे, इतकी वर्षं टिकलेला पाया आहे. मिंटची २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, म्हणजे एकदा टाकलं की तोवर मोठं काही करायला लागत नाही, मामांच्यासारख्या माणसाला हेच पाहिजे असतं. मिंटवाले २ जीबी रॅम किमान सांगतात आणि ४ असली तर बरं म्हणतात, डिस्क २० जीबी किमान आणि १०० असली तर बरं. टाकतानाच एक चौकोन येतो, मल्टिमीडिया कोडेक, म्हणजे गाणी-व्हिडिओ उघडायला लागणारे भाग, टाकू का, त्यावर टिक केली की गाणी आणि पिक्चर सगळं चालू. आणि मेनू डाव्या कोपऱ्यात असल्यामुळं मामांना मला काही शिकवायलाच लागलं नाही, त्यांनी सवयीनं तिथंच क्लिक केलं. ४ जीबी रॅम आणि डिस्क पण जुनीच असेल तर ह्याच मिंटची एक्सएफसीईवाली आवृत्ती घ्या.

उबंटू वाईट नाही, माझं स्वतःचं पहिलं तेच. त्या काळात उबंटूवाले सीडी फुकटात पोस्टानं घरी पाठवायचे, कॉलेजात ते पाकीट आल्यावर काय रुबाब वाटायचा. ते २०११ ला बंद झालं. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये उबंटूची एलटीएस, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती, येते आणि तिला पाच वर्षं अपडेट असतात, घ्यायची तर एलटीएसच घ्या, मधल्या आवृत्त्यांना नऊ महिनेच मिळतात. ऑफिसात कुणी आयटीवाला उबंटू ओळखतो, तुम्हाला अडलं तर तो येऊन बघणार आहे, असं असेल तर बिनधास्त उबंटू घ्या. मदत करणारा माणूस जे वापरतो ते घेणं हे कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त कामाचं आहे. त्याचा ग्नोम मात्र ४ जीबीला जड जातो आणि फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पद्धतीनं येतं, ते जुन्या डिस्कवर पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं.

झोरिन हे विंडोजवरनं येणाऱ्यांसाठीच काढलेलं आहे, त्याची १८ वी आवृत्ती त्यांनी बरोबर १४ ऑक्टोबर २०२५ लाच सोडली, विंडोज १० गेलं त्याच दिवशी, धंदा कळतो म्हणायचा. दिसायला मिंटपेक्षा देखणं. कोअर आवृत्ती फुकट, प्रो ला पैसे, घरी कोअर पुरते.

फेडोरा नवीन मशीनवाल्यांना आणि शिकायची हौस असलेल्यांना चांगलं, नवं सगळं तिथं लवकर येतं. पण दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती आणि एकेका आवृत्तीला साधारण तेराच महिने, आणि काही कोडेक वेगळे टाकून घ्यायला लागतात. मामांना नको, वालचंद इंजिनियरिंग कॉलेजला शिकणाऱ्या भाचीला चालेल. तिनं तेच घेतलंय.

डेबियन थेट टाकायचं तर टाका, दगडासारखं स्थिर असतं, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी जरा जास्त विचारणा करतं. एमएक्स लिनक्स जुन्या मशीनवर चांगलं पळतं. भारतातलं म्हणून सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, डेबियनवरचंच, भारतीय भाषांची सोय धरून केलेलं, सरकारी ऑफिसात कुठं दिसलं तर दचकू नका.

आणि काली. दरवर्षी बारावी झालेलं एकतरी पोरगं माझ्याकडं येऊन म्हणतं, "दादा, मला काली टाकून द्या." हॅकिंगचे व्हिडिओ बघून आलेलं असतं. काली हे सिक्युरिटी तपासणाऱ्या लोकांचं हत्यार आहे, स्वतः कालीवालेच सांगतात की लिनक्स नवीन असेल तर हे घेऊ नका. त्यावर वहिनींची प्रश्नपत्रिका टाइप करणं म्हणजे ऊस तोडायच्या कोयत्यानं दाढी. आर्च नावाच्या डिस्ट्रोचं पण तसंच, चांगलं आहे, पण दुसऱ्या वर्षी.

पेनड्राइव्ह आणि चाचणीची रविवार सकाळ

ठरलं? आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे धरून. मिंटच्या स्वतःच्या साइटवरनं आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट भरलेली एकच फाइल, उतरवा, जवळपास ३ जीबीची आहे, त्यामुळं रोजच्या दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर एका दिवसात होणार नाही, घरी ब्रॉडबँड असलेल्या मित्राकडं जा. टॉरेंटनं घेतलं तर मध्येच लाईट गेली तरी पुढनं सुरू होतं, आणि लाईटचं आपल्याकडं काय सांगायचं. कुणा भलत्या साइटवरची तयार फाइल घेऊ नका. मग विंडोजमध्येच रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर घेऊन ती फाइल पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी पेस्ट करून चालत नाही, ही चूक सगळे एकदा करतात.

मशीन बंद करून पेनड्राइव्ह लावून चालू करा आणि लगेच बूट मेनूची की दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, एसरला पण एफ १२ पण ते आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू करायला लागू शकतं, आसुसला एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की मिंट तिथल्या तिथं उघडतं, डिस्कला हात न लावता. ह्याला म्हणतात लाइव्ह. आणि मला विचाराल तर सगळ्या कामात हाच तास सगळ्यात मोलाचा आहे, लोक नेमका हाच गाळतात आणि थेट इन्स्टॉलवर क्लिक करतात.

लाइव्हमध्ये बसा आणि वही समोर ठेवा. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, ब्राइटनेसच्या बटणांनी उजेड कमीजास्त होतोय का, झाकण लावून उघडलं की मशीन परत जागं होतंय का. पेनड्राइव्हवरनं चालतंय म्हणून जरा हळू वाटणार, ते मनावर घेऊ नका. वायफाय दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही, ब्रॉडकॉमच्या काही चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो, फोन केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधनं ड्रायव्हर टाकता येतो. प्रिंटर असेल तर तो पण आत्ताच जोडून बघा. एचपीचे बहुतेक जोडल्या जोडल्या ओळखले जातात, पण ऑफिसात आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तो कॅनॉनचा एलबीपी २९००, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवीन माणसाचं काम नाही. तो प्रिंटर रोजचा असेल तर विंडोज बाजूला ठेवूनच विचार करा.

लाइव्हमध्ये एक डिस्ट्रो पटलं नाही तर दुसऱ्याचा पेनड्राइव्ह करा, पण दोनच. तिसऱ्याला लागलात की परत ते टॉप टेनचं चक्र सुरू.

पुसायच्या आधी

बॅकअप. दोन ठिकाणी. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको, कपाटातले अल्बम आणि कंप्युटर एकाच वेळी पाण्यात गेलेली घरं आमच्याच गल्लीत आहेत. एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि महत्त्वाचं गुगल ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या घरी.

आणि बॅकअप झाला की ती हार्डडिस्क काढून ठेवा, इन्स्टॉल करताना जोडलेली नको. हे मी का सांगतोय? कारण मी एकदा घाईत बाहेरचीच डिस्क निवडून पुसलीय. बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. फोटोवाल्याकडं दुसरी कॉपी निघाली म्हणून वाचलो, तरी ताई अजून दर दिवाळीला तो विषय काढतेच.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, विशेषतः दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर, नाहीतर विंडोज एक दिवस ती की मागून बसेल. दोन्ही ठेवायच्या असतील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधनं जागा मोकळी करून ठेवा. लॅपटॉप चार्जरवर लावा. इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये आरएसटी नावाचा डिस्कचा मोड असतो, तो बदलायला माहितगार माणूस बोलवा, कारण तो नुसता बदलला तर विंडोज उठत नाही. बाकी इन्स्टॉलर विचारतो त्याला उत्तरं देत जायचं, वीसपंचवीस मिनिटांत होतं. "डिस्क पुसा" ह्या ओळीवर मात्र दोनदा वाचून मगच पुढं.

दोन्ही सिस्टीम ठेवल्यावर कधी कधी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसतं. बिघाड नाही, लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजतं.

मराठीचं काय

वहिनींची अडचण इथंच होती आणि माझा सगळ्यात जास्त वेळ पण इथंच गेला, म्हणून जरा सविस्तर.

मराठी दोन तऱ्हेनं टाइप झालेलं असतं. एक युनिकोड, जे व्हॉट्सअ‍ॅपवर, वेबसाइटवर दिसतं, ते कुठल्याही लिनक्सवर काही न करता वाचता येतं. दुसरं जुन्या फॉन्टचं, कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, डीव्हीबी योगेश, जे तो फॉन्ट नसला की नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. वहिनींच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका असल्याच. तो फॉन्ट फाइल असेल तर लिनक्सवर डबलक्लिक करून बसवता येतो आणि जुनं वाचता, छापता येतं. पण नवीन काम युनिकोडमध्येच करा, शाळेच्या ग्रुपवर पाठवायला पण तेच बरं.

टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ते, वाढवायचा, भारताखाली मराठी मिळतं, इनस्क्रिप्ट पण आहे आणि इंग्रजी उच्चारावरनं चालणारं कागप पण. ज्यांनी सरकारी पद्धतीचं इनस्क्रिप्ट शिकलंय त्यांना सगळं जागेवर सापडतं, एन ला ल, शिफ्ट एन ला ळ. "दऱ्या" मधला तो अर्धा र सगळ्यांना छळतो, तो शिफ्ट जे, मग डी, मग य. फोनवर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकून त्यात एम१७एन चा मराठी लेआउट घ्यायचा, जमतं दोन दिवसांत. हिशेबवाल्यांसाठी एक, कीबोर्ड "इंग्लिश, भारत, रुपयासह" असा घेतला की उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं.

विंडोजचा मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा आहे, लिनक्सबरोबर येत नाही. मंगलमधली फाइल उघडते, पण नोटो किंवा लोहित लागतो आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका सव्वादोन पानं होऊन बसते. वहिनींनी आता मुक्त फॉन्ट धरलेत, मुक्ता आणि राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, आणि छापायला पाठवताना पीडीएफ करूनच पाठवतात. वर्डच्या जागी लिबर ऑफिस आधीच असतं. साध्या कामाला मस्त. पण टेबलांनी भरलेली सरकारी नमुन्याची वर्ड फाइल त्यात कधी कधी विस्कटते, त्यासाठी ओन्लीऑफिस टाकून बघा, ते जास्त जवळचं दाखवतं.

पहिला आठवडा

मिंट चालू झालं की पहिल्यांदा अपडेट मॅनेजर उघडून सगळं अपडेट घ्या, मग टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट काढून ठेवा. उद्या काही उलटंसुलटं केलंत तर त्या दिवसावर सिस्टीम परत नेता येते. तुमचे फोटो आणि फाइली मात्र त्यात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळाच. सॉफ्टवेअर पाहिजे असेल तर गुगलवर शोधून डाउनलोड करायची विंडोजची सवय सोडायची, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाका आणि तिथनंच घ्या, फोनच्या प्ले स्टोअरसारखं. डॉट ईएक्सई फाइल उतरवून डबलक्लिक करत बसलेले तीन जण मी बघितलेत, त्यात एक बँकेतनं रिटायर झालेले काका, त्यांनी सहा वेळा उतरवली होती.

इंटरनेटवर कुणी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, टाकायला ओळ दिली आणि ती सुडोनं सुरू होत असेल तर ती काय करते ते समजल्याशिवाय टाकू नका, सुडो म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या हातात देणं. आणि सहा महिने तरी डिस्ट्रो बदलू नका. वहीत रोज एक ओळ लिहा, आज काय अडलं. मामांच्या वहीत पहिल्या आठवड्यात चार ओळी होत्या, प्रिंटर, व्हॉट्सअ‍ॅपची नोटिफिकेशन, अक्षर बारीक दिसतंय, आणि चौथी, "पत्त्याचा खेळ कुठं गेला". सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं आयलरायट नावाचा पत्त्यांचा खेळ टाकून दिला. तेव्हापासनं फोन येतो तो द्राक्षाच्या भावासाठीच.